जमैकातील रास्ताफारी वस्तीची जीपसहल : जावे का, आणि कुणाबरोबर जावे?

दूरदेशी

सर्वांना नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे आणि माझी आई असे तिघे जण सात दिवसांसाठी जमैकाला जात आहोत. मुक्काम माँटेगो बे येथे आहे. तिथले किनारे सुंदर आहेतच, परंतु आईला आठवडाभर वाळूवर बसून राहण्यात रस नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नाही. देशाचा आतला, डोंगराळ भाग आणि तिथली माणसे पाहावीत अशी आमची इच्छा आहे.

मुक्कामाच्या ठिकाणाकडून आम्हाला अर्ध्या दिवसाची एक सहल सुचवण्यात आली आहे. उघड्या जीपमधून कच्च्या रस्त्याने डोंगरात जायचे, वाटेत ओढा ओलांडायचा, ‘रास्ता गावात’ (रास्ता म्हणजे रास्ताफारी धर्माचा अनुयायी) थांबून जेवायचे, ढोलवादन ऐकायचे आणि दुपारी परत यायचे, असे तिचे स्वरूप आहे. पत्रकावर लांब जटा असलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘खऱ्या रास्ताला भेटा’ अशी ओळ आहे. ती ओळ वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. रास्ताफारी हा धर्म आहे, श्रद्धा आहे, एवढे मला ठाऊक आहे. एखाद्याच्या श्रद्धेच्या दारात गाडी उभी करून त्याला पाहायला जावे, हे मनाला पटत नाही. दुसरीकडे, न जाता, न भेटता परत आलो तर त्या देशाबद्दलची आपली समज गाण्यांपुरती आणि लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्यांपुरतीच राहील, हेही कळते.

आईचे वय ६७ आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे. ती पूर्ण शाकाहारी आहे. गांजाचा विषय निघेल तेव्हा तिथला कायदा काय आहे, हेही माहीत असावे असे वाटते. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवळण

तुमच्या अस्वस्थतेपासूनच सुरुवात करतो, कारण पुढची सर्व उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. मी नोकरीनिमित्त चार वर्षे राजधानी किंग्स्टनमध्ये राहिलो. त्या काळात अशी सहल दोनदा केली, आणि त्या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

पहिल्या वेळी मीही पत्रक पाहूनच गेलो. चालक गाडी मुद्दाम खड्ड्यांतून आपटत नेत होता, कारण प्रवाशांनी ओरडावे हाच त्या सहलीचा खरा हेतू होता. ‘गाव’ म्हणून जिथे थांबवले तिथे रस्त्याकडेला एक छप्पर, कोरीव लाकडी वस्तूंचे दुकान आणि बाकावर बसलेले एक वयस्क गृहस्थ होते. आमच्यातील काही जण त्यांना न विचारता त्यांच्या शेजारी बसून छायाचित्रे काढू लागले. त्यांनी तोंड फिरवले नाही, पण ते कुणाकडे पाहतही नव्हते. वीस मिनिटांनी आम्ही निघालो. त्यांचे नाव विचारण्याचे सौजन्यही आम्हांपैकी कुणी दाखवले नाही, याची लाज मला आजही वाटते.

मुळात ‘रास्ता गाव’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. जमैकातील बहुसंख्य रास्ता इतर शेजाऱ्यांमध्ये मिसळून राहतात, डोंगरउतारावर शेती करतात, गवंडीकाम करतात, गाड्या चालवतात. एकत्र वस्ती किंवा धार्मिक केंद्र म्हणावे अशी ठिकाणे मोजकी आहेत : किंग्स्टनच्या पूर्वेला बुल बेच्या वरच्या टेकडीवरील बोबो अशांती या रास्ता पंथाची वस्ती, क्लॅरेंडन पॅरिशमधील (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) स्कॉट्स पास येथील न्याबिंगी या जुन्या रास्ता पंथाचे केंद्र, आणि तुमच्या मुक्कामापासून फार दूर नसलेले पिटफोर येथील न्याबिंगी केंद्र. ही पूजास्थाने आहेत, सहलीची ठिकाणे नव्हेत. तिथे ओळखीने आणि परवानगीनेच जावे. याखेरीज काही ठिकाणे पाहुण्यांसाठी म्हणून रास्तांनी स्वतःच उभी केली आहेत. माँटेगो नदीच्या काठी असलेले ‘रास्ताफारी इंडिजिनस व्हिलेज’ हे त्यांपैकी एक. अशा ठिकाणी काय दाखवायचे आणि काय खाजगी ठेवायचे हे यजमानच ठरवतात, त्यामुळे पाहुण्याच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके होते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारा की वाट दाखवणारा माणूस स्वतः त्या समुदायातील आहे का, वस्तीत किती वेळ थांबणार आहोत, आणि भरलेल्या रकमेतील किती भाग तिथे पोहोचतो. या प्रश्नांना ज्याची उत्तरे गुळमुळीत, त्याची सहल घेऊ नका. अर्धा दिवस सांगून वस्तीत तासाभरापेक्षा कमी वेळ ठेवला असेल, तर ती गाडीची सहल आहे, माणसांची नाही.

आता दुसऱ्या वेळेबद्दल. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या चुलतभावाने आम्हा चौघांना सेंट ॲन पॅरिशच्या डोंगरात नेले. तो स्वतः रास्ता होता आणि गाडीही त्याचीच होती, जुनी, उंच, चारही चाकांना जोर देणारी. डांबरी रस्ता संपला की तिथे पांढऱ्या चुनखडीच्या भुकटीचा कच्चा रस्ता लागतो, आणि आणखी वर बॉक्साइटची लालभडक माती सुरू होते, जी कपड्यांवरून सहजासहजी निघत नाही. आंधळ्या वळणावर तो प्रत्येक वेळी भोंगा वाजवत असे आणि समोरून कुणी चालत येताना दिसले की गाडी अगदी सावकाश करून हात वर करत असे. एका खोल चाकोरीपाशी त्याने आम्हा सर्वांना खाली उतरवले, रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे काढली आणि मग आम्हाला पुन्हा बसवले. कच्च्या रस्त्याचे खरे कौशल्य मला त्या दिवशी कळले. त्यात आरडाओरडीला जागाच नव्हती.

वर पोहोचल्यावर त्याच्या मावशीच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर ‘आयटल’ रांधणे चालू होते. आयटल म्हणजे रास्तांचे शुद्ध अन्न. त्यात मांस नसते, डबाबंद काही नसते आणि अनेक घरी मीठही घालत नाहीत. नारळाचे दूध घट्ट होईपर्यंत उकळत होते. त्यात याम हा कंद, कच्ची केळी, भोपळा, कॅलालू या पालेभाजीची पाने आणि पिमेंटो या मसाल्याचे दाणे पडले होते. स्कॉच बॉनेट नावाची अत्यंत तिखट मिरची देठासकट अखंड वर सोडली होती. मिरचीचा वास यावा पण ती फुटू नये यासाठी मावशी पळी कडेकडेनेच फिरवत होत्या. मीठ नसूनही ते अन्न अळणी लागले नाही, हे मी मनापासून सांगतो. जेवण कॅलाबॅशच्या, म्हणजे कठीण सालीच्या फळापासून केलेल्या वाडग्यात वाढले. अंगणात अ‍ॅकीचे झाड होते. हे फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय तोडायचे नाही, कारण कच्चे असताना ते विषारी असते, असे मावशींनी आम्हाला उकललेले लाल फळ आणि त्यातील काळ्याभोर चकचकीत बिया दाखवून समजावले. आईंच्या जेवणाची तुम्हाला काळजी नको. शाकाहारी माणसाला त्या देशात सर्वांत निर्धास्तपणे जेवता येईल अशी जागा म्हणजे आयटल चूलच. मात्र वाटेतील साध्या खानावळीत अ‍ॅकीबरोबर खारवलेला मासा असतो, तेवढे विचारून घ्या.

जुनी पाने

घाटवळण यांनी फारच आस्थेने लिहिले आहे. तिथे जाण्यापूर्वी थोडा इतिहास ठाऊक असावा, नाहीतर समोरचा माणूस काही गोष्टींबद्दल गप्प का होतो हे कळत नाही, म्हणून ही भर घालतो.

२ नोव्हेंबर १९३० रोजी अदिस अबाबा येथे रास तफारी माकोनेन यांना हैले सेलासी पहिले या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. गुलामगिरीचा वारसा आणि वसाहतीचे दारिद्र्य भोगणाऱ्या जमैकातील काही कृष्णवर्णीय उपदेशकांना या राज्याभिषेकात बायबलमधील भविष्यवाणीची पूर्तता दिसली, आणि सम्राटांच्या ‘रास तफारी’ या नावावरूनच रास्ताफारी हे नाव पडले. त्यांच्यातील अग्रणी लेनर्ड हॉवेल. त्यांनी ब्रिटिश राजाऐवजी इथिओपियाच्या सम्राटाशी निष्ठा ठेवा असे जाहीरपणे सांगितले आणि १९३४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यानंतर १९४० मध्ये त्यांनी सेंट कॅथरिन पॅरिशमधील स्लायगोव्हिलजवळच्या डोंगरावर ‘पिनॅकल’ ही वसाहत स्थापन केली. स्वतःची जमीन, स्वतःचे अन्न, स्वतःचा कारभार, असा तो प्रयोग होता. स्लायगोव्हिल हे स्वतः गुलामगिरी संपत असताना, १८३५ मध्ये, मुक्त होणाऱ्या लोकांसाठी वसवलेले जमैकातील पहिले ‘मुक्त खेडे’ आहे. त्याच परिसरात पिनॅकल उभे राहावे, हे मला फार बोलके वाटते. पोलिसांनी पिनॅकलवर वारंवार धाडी घातल्या आणि १९५४ च्या धाडीनंतर ती वसाहत मोडून गेली. तिथून विखुरलेले लोक किंग्स्टनच्या झोपडवस्त्यांत गेले. रास्ता म्हणजे शहरी गरिबांचा पंथ अशी समजूत नंतर झाली, पण त्याची पहिली मोठी वसाहत डोंगरातील आणि शेतीची होती.

मराठी वाचकाला एक धागा जवळचा वाटेल. मे १८४५ पासून भारतातून करारबद्ध मजूर जमैकात उतरू लागले आणि त्यांच्याबरोबर ‘गांजा’ व ‘चिलीम’ हे शब्दही गेले. गांजा हा शब्द तिथे आजही जसाच्या तसा वापरला जातो. हॉवेल यांनी धारण केलेल्या ‘गांगुन्गुरू माराघ’ या नावात अभ्यासकांना ‘गुरू’ आणि ‘महाराज’ हे शब्द दिसतात.

तुमचा मुक्काम माँटेगो बे येथे आहे, म्हणून कोरल गार्डन्सबद्दल सांगणे मला अत्यावश्यक वाटते. हा भाग त्या शहराच्या पूर्वेला, आजच्या हॉटेलांच्या पट्ट्यालगतच आहे. तिथल्या मोठ्या मळ्याच्या जमिनीतून आपल्या शेताच्या तुकड्यांकडे जाण्याचा रास्तांचा हक्क अडवल्यावरून तंटा धुमसत होता. ११ एप्रिल १९६३ रोजी त्याचा भडका उडून एका पेट्रोल पंपावर हल्ला झाला. त्यात आणि नंतरच्या चकमकीत पोलिसांसह आठ जण मृत्युमुखी पडले. मग, ज्यांचा त्या घटनेशी काडीचाही संबंध नव्हता अशा रास्तांना गावोगाव पकडण्यात आले, मारहाण झाली, कोठडीत डांबले गेले आणि बळजबरीने त्यांच्या जटा कापण्यात आल्या. बायबलमधील नाझिराईट व्रतानुसार केसांना कात्री न लावणाऱ्या माणसाच्या जटा कापणे म्हणजे त्याच्या श्रद्धेवर घातलेला घाव होता. सरकारने याबद्दल संसदेत माफी मागितली ती २०१७ मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी, पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांच्या तोंडून. त्यामुळे जटांना हात लावू का, असे गमतीनेही कुणाला विचारू नये.

या दुःखाच्या तारखांच्या पलीकडे आनंदाचीही एक तारीख आहे. २१ एप्रिल १९६६ रोजी हैले सेलासी स्वतः किंग्स्टनच्या विमानतळावर उतरले, तेव्हा प्रचंड जनसमुदाय धावपट्टीपर्यंत लोटला होता. तो दिवस ‘ग्राउनेशन’ म्हणून आजही ढोलांच्या गजरात पाळतात. एखाद्या वृद्धाला त्या दिवसाबद्दल विचारून पाहावे, तो खुलतो.

आणखी एक सूचना. ‘रास्ताफारियनिझम’ हा शब्द टाळा. ‘इझम’ने संपणारी प्रत्येक गोष्ट त्यांना वसाहतवादी व्यवस्थेची, म्हणजे ‘बॅबिलॉन’ची वाटते. ते आपल्या जगण्याला ‘लिव्हिटी’ म्हणतात, आणि ‘मी आणि तू’ असा भेद राहू नये म्हणून ‘आय अँड आय’ असे बोलतात, कारण तोच एक परमात्मा दोघांत आहे असे ते मानतात.

निळाई

कायद्याबद्दल आणि वागण्याबद्दल थोडे लिहिते. एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जमैकात दोन औंस, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ असणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. मात्र ते पूर्णपणे कायदेशीरही नाही. त्यासाठी ५०० जमैकन डॉलर दंडाची पावती होऊ शकते, आणि सार्वजनिक जागी ओढण्यास मनाई आहे. रास्तांना धर्मविधीसाठी त्याची मुभा आहे, पण ती मुभा त्यांची आहे, भेटीला आलेल्या पाहुण्याची नव्हे. गांजा कोणत्याही रूपात देशाबाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे विमानतळावर जाण्याआधी कुणी भेट म्हणून दिलेली पुडी वा तेलाची बाटली सामानात नाही याची खात्री करा. तुम्हाला घ्यायचे नसेल तर छातीवर हात ठेवून ‘गिव्ह थँक्स’ म्हणावे आणि नाकारावे. मला कुणीही, कधीही आग्रह केला नाही.

कपड्यांच्या बाबतीत आईंना साडी किंवा सैल सलवार-कमीज उत्तम. बोबो अशांती वस्तीत जाण्याचा योग आलाच, तर स्त्रियांनी पायघोळ वस्त्र आणि डोक्यावर कापड असावे लागते, आणि मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांना तिथे वेगळे नियम आहेत. मला ते नियम मान्य नाहीत, आणि मी मुलीला घेऊन गेले तेव्हा दारातूनच परत फिरण्याचा निर्णय घेतला. यजमानांनी तो शांतपणे स्वीकारला आणि बाहेर येऊन आमच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. प्रत्येक पंथाचे असे नसते. ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इझ्राएल’ हा पंथ याबाबत बराच मोकळा आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत बोबोंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो, तेव्हा जाण्याचे टाळा. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारा आणि नकार मिळाला तर पुन्हा विचारू नका. पैसे हातात कोंबण्यापेक्षा त्यांनी बनवलेली वस्तू योग्य किंमत देऊन घ्या. बोबोंचे हाताने बांधलेले झाडू प्रसिद्ध आहेत आणि माझ्या घरी तो अजून वापरात आहे.

दूरदेशी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेली सहल मी रद्द केली आहे. तिच्याऐवजी समुदायातीलच एका मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार सुरू केला. आईची प्रकृती कळवताच त्यांनी उलट विचारले की आई किती पायऱ्या चढू शकतात आणि जमिनीवर बसू शकतात का. हा प्रश्न आधीच्या सहलवाल्यांनी मला एकदाही विचारला नव्हता.

दोन शंका उरल्या आहेत. गुडघ्याच्या दृष्टीने जीपमध्ये कुठे बसवावे? आणि आईने स्वतः एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. ती तीस वर्षे भजनी मंडळात आहे आणि टाळ बरोबर नेणार आहे. तिथे ढोलवादन चालू असताना तिने टाळ वाजवला तर ते अनुचित ठरेल का?

घाटवळण

आईंना चालकाशेजारची पुढची जागा द्या आणि ती आधीच सांगून राखून ठेवा. मागील भागात बाके बहुधा कडेने लावलेली असतात आणि दणका थेट कमरेत व गुडघ्यात बसतो. चढताना पायाखाली ठेवायला एखादे ठोकळेवजा स्टूल आहे का, तेही विचारा, कारण या गाड्यांची पायरी उंच असते. ओढा ओलांडायचा असेल तर घोट्याला पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला हव्यात. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा हंगाम असल्याने फेब्रुवारीत चिखलाचा त्रास कमी होईल. नाइन माइल हे रेगे गायक बॉब मार्ली यांचे जन्मगाव आणि समाधिस्थळ पाहण्याचा विचार असेल, तर ६ फेब्रुवारी या त्यांच्या जन्मदिनाच्या आसपास तिथे फार गर्दी असते हे ध्यानात ठेवा.

टाळांचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. न्याबिंगी वादनात तीन ढोल असतात. मोठा ‘बास’ गंभीर घुमतो. ‘फंडे’ हृदयाच्या ठोक्यासारखे दोन सलग आघात अखंड देत राहतो. आणि ‘रिपीटर’ त्या दोघांच्या वर मोकळेपणाने बोलतो. पूजाविधी चालू असेल तर पाहुण्याने केवळ ऐकावे. परंपरेने तिथे स्त्रिया ढोल वाजवत नाहीत, त्या गातात आणि खुळखुळे वाजवतात. पण पाहुण्यांसाठीच्या बैठकीत वातावरण सैल असते. वादन सुरू होण्यापूर्वी आईंनी टाळ मार्गदर्शकांच्या हाती द्यावेत, ते कशाचे आहेत आणि कशासाठी वाजवतात हे सांगावे, आणि मग परवानगी मागावी. होकार मिळाला तर पहिली काही आवर्तने नुसती ऐकावीत, फंडेचा ठोका नीट कानात बसू द्यावा आणि त्याच ठोक्यावर हलक्या हाताने टाळ धरावा. रिपीटरच्या मागे जाण्याचा मोह होईल, तेवढा मात्र टाळावा.